शिबिराचा परवाना मिळाला, पण तपासलं काय?

रानवाटा (सोमवार, रात्री १०:१२)

मंडळी, बरीच वर्षं मी दुसऱ्यांच्या शिबिरांत 'ताई' म्हणून राबले. यंदा पहिल्यांदाच स्वतःचं निवासी शिबिर घेतेय. ९ ते १४ वयाची ४० मुलं, सात दिवस, सहा रात्री. जागेला लागून तलाव आहे, मागे कातळाची छोटीशी चढण आहे.

परवान्यासाठी अर्ज केला होता. तपासणीला एक गृहस्थ आले. अग्निशामक नळकांडी मोजली, पाण्याच्या टाकीत डोकावले, स्वच्छतागृहं किती ते लिहून घेतलं. मग विचारलं, "आपत्कालीन योजना लेखी आहे?" मी फाइल पुढे केली. तीन आठवडे खपून केलेली फाइल! त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. 'आहे' या रकान्यात खूण केली आणि निघाले. आठवड्याभरात परवाना हातात.

घरच्यांनी पाठ थोपटली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्या फाइलमध्ये मी कोरे कागद लावले असते, तरी परवाना आलाच असता की.

तर प्रश्न असा: परवान्याने जे विचारलं नाही, ते काय काय असतं? ज्यांनी शिबिरं घेतलीत, ज्यांची मुलं जातात, सगळ्यांनी लिहा. तलावात मुलांना उतरवावं की नाही, हेही अजून ठरत नाहीये.

शून्य_प्रतिसाद (सोमवार, रात्री १०:२०)

पॉपकॉर्न घेऊन बसतो.

कलमदान (सोमवार, रात्री ११:०५)

आधी शब्दांची जरा झाडलोट करू, कारण तीन वेगळ्या गोष्टी लोक एकाच नावाने ओळखतात.

परवाना म्हणजे सरकार म्हणतं, आमच्या संमतीशिवाय सुरूच करायचं नाही. नोंद म्हणजे तुम्ही सरकारला कळवता की आम्ही असं असं करतोय, मग ते वाटल्यास तपासायला येतात. आणि मानांकन म्हणजे क्षेत्रातलीच एखादी संघटना आपल्या कसोट्या लावून शिक्का देते. तो घेणं ऐच्छिक.

फ्रान्सचा कारभार मुख्यतः नोंदीवर चालतो. सात किंवा जास्त मुलं तीनपेक्षा जास्त रात्री सुट्टीच्या मुक्कामाला नेताय? मग आधी कळवायचं, आणि कोण कोण बरोबर येणार त्यांची नावंही द्यायची. त्या नावांची गुन्हेगारी नोंद सरकार स्वतः तपासतं. अमेरिकेत सगळ्या देशाला लागू असा शिबिरांचा कायदा नाही. प्रत्येक राज्याचं वेगळं, काही राज्यांत कडक, काहींत जेमतेम. म्हणून तिथे 'अमेरिकन कॅम्प असोसिएशन'च्या मानांकनाला वजन आहे, पण ते घेतलंच पाहिजे असं नाही.

तुमच्या भागात यातलं नेमकं काय लागू आहे ते पाहा. "आमच्याकडे परवाना आहे" असं कोणी छाती पुढे काढून सांगितलं, की मी विचारतो, "कशाचा?" कित्येकदा तो फक्त इमारतीच्या वापराचा किंवा स्वयंपाकघराचा निघतो. मुलं सांभाळण्याचा नसतोच.

पूर्वीचेचबरे (मंगळवार, सकाळी ६:४८)

आम्ही दहा-दहा दिवस रानात राहायचो. एक मास्तर आणि पन्नास पोरं. परवाना नाही, फाइल नाही, हेल्मेट नाही. सगळे धडधाकट परत आलो. हल्ली पोरगं झाडावर चढलं तरी अर्ज भरून घेतात. (दिवा घ्या, म्हणजे थट्टा आहे.)

दोन_पोरांची_आई (मंगळवार, सकाळी ९:३०)

काका, जे परत आले नाहीत ते इथे प्रतिसाद द्यायला येत नाहीत, म्हणून सगळे परत आल्यासारखं वाटतं.

शून्य_प्रतिसाद (मंगळवार, सकाळी ९:३४)

+१. दिवा विझला.

टेकडी (मंगळवार, दुपारी १:१५)

रानवाटा, अठरा वर्षं शिबिरं घेतोय. तुमची झोप उडाली हे फार चांगलं लक्षण आहे.

आधी त्या न उघडलेल्या फाइलबद्दल. २०२५ च्या जुलैत अमेरिकेत टेक्सासमध्ये ग्वाडालुपे नदीला पहाटे पूर आला आणि 'कॅम्प मिस्टिक' या मुलींच्या शिबिरातल्या २७ जणी, म्हणजे शिबिरार्थी आणि त्यांच्या ताया, गेल्या. हे शिबिर १९२६ पासूनचं. पूर ४ जुलैचा. राज्याचा निरीक्षक तिथे २ जुलैला येऊन गेला होता. आपत्कालीन योजना लेखी आहे, अशी नोंद त्याच्या अहवालात आहे. योजनेत काय लिहिलंय हे वाचून मंजूर करणं तेव्हा राज्याच्या कामातच नव्हतं. तुमच्याकडे आलेल्या गृहस्थांसारखंच. रकाना भरला.

त्यानंतर सप्टेंबरात टेक्सासने कायदा बदलला. पूरक्षेत्रात मुलांच्या राहण्याच्या खोल्या असतील तर परवाना नाही, योजना राज्याकडे सादर करायची, कर्मचाऱ्यांना तिचं प्रशिक्षण द्यायचं, इशारा देणारी यंत्रणा हवी. २७ जणींच्या घरच्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

हे क्षेत्र असंच चालतं. जवळजवळ प्रत्येक नियमाच्या मागे एक तारीख असते.

ब्रिटनची तारीख २२ मार्च १९९३. लाइम बे. आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि साहस-केंद्राचे दोन प्रशिक्षक कयाक, म्हणजे वल्ह्यांच्या छोट्या होड्या, घेऊन समुद्रात गेले. प्रशिक्षकांचं शिक्षण अगदी प्राथमिक, संकटात उडवायचे फ्लेअर बरोबर नाहीत. चार मुलं गेली. आणि जिवाला लागणारी गोष्ट म्हणजे, त्याच केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी काही महिने आधी मालकाला लेखी कळवलं होतं की सुरक्षेकडे लक्ष द्या, नाहीतर एक दिवस कुणाच्या तरी आईबापांना तोंड दाखवावं लागेल. ते दोघं नोकरी सोडून गेले होते. १९९४ मध्ये कंपनी सदोष मनुष्यवधात दोषी ठरली, तिचा व्यवस्थापकीय संचालक तुरुंगात गेला. १९९५ मध्ये कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून परवाना पद्धत सुरू झाली.

म्हणून माझ्या शिबिरात एक वही असते. कुठल्याही ताई-दादाने, अगदी स्वयंपाकातल्या मदतनिसानेसुद्धा, "हे मला बरोबर वाटत नाही" असं तिच्यात लिहायचं. त्याच दिवशी उत्तर देणं माझ्यावर बंधनकारक. परवान्याला असली वही लागत नाही.

कलमदान (मंगळवार, दुपारी २:०२)

टेकडींना पुरवणी. ब्रिटनचा तो परवाना चार प्रकारच्या उपक्रमांपुरता होता: चढाई, पाण्यातले उपक्रम, दुर्गम भागातली पायपीट आणि गुहा. तोही १८ वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन हे विकणाऱ्यांसाठी. शाळेने स्वतःच्या मुलांना नेलं किंवा स्वयंसेवी संस्थेने आपल्या सभासदांना नेलं, तर सूट. म्हणजे तोच तलाव, तीच होडी, तोच वारा. एका गटाला परवाना लागतो, दुसऱ्याला नाही. वाऱ्याला हा फरक कळत नाही.

पूर्वीचेचबरे (मंगळवार, दुपारी ४:४०)

सकाळी थट्टेत लिहिलं, आता गंभीरपणे लिहितो. मीही शिबिरं घेतलीत. फुकट. ज्या मुलांना सुट्टीत कुठेच जाता येत नाही त्यांच्यासाठी. मग कागद वाढत गेले. विमा, वैद्यकीय प्रमाणपत्रं, अमक्याची नोंद, तमक्याचा दाखला. आम्ही चार निवृत्त माणसं, कागदं कोण करणार? बंद केलं. ती मुलं सुट्टीत मग कुठे गेली? त्याच तळ्यावर, बिनशिट्टीची, एकेकटी. हे कुठल्या अहवालात येतं का?

टेकडी (मंगळवार, संध्याकाळी ६:१०)

काका, हे मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही. ब्रिटनमधली स्वयंसेवी संस्थांची सूट याच काळजीतून आली असावी. सूट द्यावी तर मुलं उघड्यावर, न द्यावी तर शिबिरच बंद. माझा कल, कागद कमी करा आणि माणसं वाढवा याकडे आहे, पण माणसं मोजणं तपासनिसाला कठीण जातं. नळकांडी सोपी.

थर्मामीटर (मंगळवार, रात्री ९:५५)

मी परिचारिका आहे. चार उन्हाळे शिबिरांच्या दवाखान्यात काढलेत. एक प्रसंग सांगते.

नियम होता: मुलांची सगळी औषधं पहिल्या दिवशी जमा करायची, कुलपात ठेवायची. चांगला नियम, कागदावर. अकरा वर्षांच्या एका मुलाला दमा. त्याचा पंप इतर औषधांबरोबर कपाटात गेला. तिसऱ्या दिवशी मैदानावर त्याला धाप लागली. मी दुसऱ्या एका मुलाला घेऊन रुग्णालयात गेले होते. कपाटाची किल्ली व्यवस्थापकाच्या खिशात, आणि व्यवस्थापक सामान आणायला बाहेर. एका दादाने शेवटी कपाटाची बिजागरी पेचकसाने उचकटली. मुलगा वाचला. मी परत आले तेव्हा तो पंप दोन्ही हातांत घट्ट धरून बसला होता, झोपेतही सोडेना.

तेव्हापासून माझा नियम: जीव वाचवणारं औषध कुलपात जात नाही. दम्याचा पंप मुलाच्या कमरेच्या पिशवीत. तीव्र ॲलर्जीसाठी ॲड्रिनलिनचं पेन (पेनासारखं तयार इंजेक्शन) असेल तर एक मुलाबरोबर फिरणाऱ्या मोठ्या माणसाकडे आणि एक दवाखान्यात, उघड्या कप्प्यात. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं द्यायचं हे प्रत्येक ताई-दादाने सरावाच्या पेनवर करून दाखवल्याशिवाय गटप्रमुख व्हायचं नाही. पेन दिल्यावर मूल बरं वाटतंय म्हणालं तरी रुग्णवाहिका बोलवायचीच.

बाकीची औषधं मूळ वेष्टनात, नावासकट. आईने डबीत सुट्या गोळ्या भरून "पांढरी सकाळी, पिवळी रात्री" अशी चिठ्ठी लावली, तर ती डबी मी नम्रपणे परत करते.

ऊन. मूल तापलेलं, गोंधळलेलं, अडखळत बोलतंय, तर आधी थंड करा, मग हलवा. गार पाण्यात बसवा किंवा ओल्या चादरी आणि बर्फ. गाडी शोधण्यात गेलेली वीस मिनिटं त्याला परवडणारी नसतात.

आणि उलट्या-जुलाब. दारावर सॅनिटायझरची बाटली लटकवली म्हणजे भागलं असं वाटतं. उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसपुढे ती बाटली फार काही करत नाही. साबण आणि वाहतं पाणी लागतं. झोपताना शेजारच्या मुलांची डोकी एकाआड एक दिशेला ठेवा, तोंडासमोर तोंड नको. फुकटचा उपाय आहे.

दोन_पोरांची_आई (मंगळवार, रात्री १०:३०)

तो पंप धरून झोपलेला मुलगा डोळ्यांसमोरून हलत नाही. मी आजवर शिबिराच्या माहितीपत्रकात फक्त फोटो पाहिलेत. परिचारिका आहे का, एवढंही कधी विचारलं नाही.

थर्मामीटर (मंगळवार, रात्री १०:४१)

"आहे का" नका विचारू. "ती नसेल तेव्हा कोण?" विचारा.

जलतरंग (बुधवार, सकाळी ७:२०)

तलावाचा विषय आला म्हणून लिहितो. चाळीस वर्षं पाण्याच्या काठावर शिट्टी घेऊन उभा आहे.

रानवाटा ताई, पहिलं हे डोक्यातून काढा की बुडणारं माणूस ओरडतं. बुडणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या फ्रँक पिया यांनी दाखवून दिलंय की खरोखर बुडणाऱ्याला हाका मारता येत नाहीत, हातही हलवता येत नाहीत. तोंड वर आलं की श्वास घ्यायचा की ओरडायचं? शरीर श्वास निवडतं. हात आपोआप बाजूंना पसरून पाणी दाबत राहतात. हे वीस सेकंद ते एक मिनिट चालतं आणि मग मूल खाली जातं. काठावरच्या ताईला वाटतं, पोरगं शांतपणे उभं आहे.

म्हणून जीवरक्षकांत १०/२० ची पद्धत शिकवतात: दहा सेकंदांत आपला सगळा भाग नजरेखालून घालायचा, आणि संकट दिसलं की वीस सेकंदांत तिथे पोहोचायचं. आता तुमच्या तलावाकडे जा आणि काठावरून सर्वांत लांबच्या टोकाला वीस सेकंदांत पोहोचता येतंय का बघा. नसेल तर तेवढा भाग दोरीने तोडा.

फ्रान्समध्ये मुलं पाण्यात खेळायला उतरतात त्या वेळचे आकडे ठरलेत: सहा वर्षांवरच्या दर आठ मुलांमागे एक मोठं माणूस पाण्यात. काठावर नव्हे, पाण्यात! सहाच्या खालच्यांना दर पाचांमागे एक. आणि एका वेळी पाण्यात चाळीसपेक्षा जास्त नाही, लहानांची वीसच. तुमची ४० मुलं म्हणजे पाच जण पाण्यात आणि शिवाय वर देखरेख करणारा.

पहिल्या दिवशी प्रत्येकाची पोहण्याची चाचणी घ्यायची. आईने अर्जात "उत्तम पोहतो" लिहिलं असलं तरी. आई तरणतलावाबद्दल बोलतेय, जिथे तळ दिसतो.

मग जोड्या आणि पाट्या. प्रत्येक मुलाची नाव लिहिलेली पाटी. पाण्यात जाताना दोघांनी मिळून आपल्या पाट्या फळीवर टांगायच्या, बाहेर येताना काढायच्या. दर दहा मिनिटांनी शिट्टी: जोडीदाराचा हात वर धरायचा. एका हाताला हात सापडला नाही की सगळं पाणी रिकामं.

शून्य_प्रतिसाद (बुधवार, सकाळी ७:५०)

काका, वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

टेकडी (बुधवार, दुपारी १२:३५)

जलतरंग काकांच्या पाट्यांना शंभर वेळा अनुमोदन. मोजणीवरून माझ्या हातून झालेली चूक सांगतो.

सातवं-आठवं वर्ष असेल. दोन गट, प्रत्येकी २४ मुलं, ओढ्यावरून परत. मी शेवटच्या वळणावर उभा राहून माझा गट मोजला. चोवीस. पुन्हा मोजला, चोवीस. निघालो. मुक्कामावर पोहोचल्यावर जेवणाच्या रांगेत एक मुलगी म्हणाली, "दादा, तन्मय कुठाय?" (नाव बदललंय.) तन्मय नव्हता. दुसऱ्या गटातला एक मुलगा मित्राबरोबर गप्पा मारत आमच्या रांगेत घुसला होता. आकडा जुळला, मूल नाही जुळलं.

तन्मय ओढ्याकाठी एका दगडावर बसून वाळूत नाव लिहीत होता. तासाभराने सापडला. मला बघून म्हणाला, "सगळे कुठे गेले?" त्याला वाटत होतं, हरवलेत ते बाकीचे.

तेव्हापासून आम्ही आकडे मोजत नाही, नावं वाचतो. यादी कागदावर, खिशात, पेन्सिलने खूण. गाडीत चढताना, उतरताना, पाण्याआधी, पाण्यानंतर, झोपताना, आणि रात्री एकदा टॉर्च घेऊन. टॉर्च जमिनीकडे धरायचा, चेहऱ्यावर नाही, आणि पांघरुणाचा ढीग दिसला म्हणजे मूल आहे असं धरायचं नाही.

आता माणसं किती, याबद्दल. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकात निवासी शिबिरासाठी ६ ते ८ वयाला सहा मुलांमागे एक, ९ ते १४ ला आठांमागे एक, त्यापुढे दहांमागे एक. फ्रान्सचं साधं प्रमाण सहावर्षांवरील बारा मुलांमागे एक. म्हणजे तुमच्या ४० मुलांना एकीकडे पाच, दुसरीकडे चार. पण कागदावरचे पाच प्रत्यक्षात किती उरतात पाहा. रात्री एकाच्या पोटात दुखलं. त्याच्याबरोबर एकट्या मोठ्या माणसाने जायचं नाही, दोघं हवीत. उरले तीन. त्यातला एक दिवसभर राबून मेल्यासारखा झोपलाय. दोन. आचारी, चालक, परिचारिका यांना या गणितात धरू नका, ते मुलांवर लक्ष ठेवायला मोकळे नसतात. मी चाळीसला आठ घेतो.

आणि वय. गटप्रमुख निदान १६ चा आणि ज्या मुलांना सांभाळतो त्यांच्यापेक्षा किमान दोन वर्षांनी मोठा, असंही त्याच मानकात आहे. मी १८ खालच्यांना रात्रीची जबाबदारी देतच नाही.

दोन_पोरांची_आई (बुधवार, दुपारी १:२०)

'एकट्या मोठ्या माणसाने जायचं नाही' हे पोटदुखीपुरतंच की एरवीही?

टेकडी (बुधवार, दुपारी १:४४)

एरवीही. कायम. अमेरिकेतल्या स्काउट संघटनेने २०१८ पासून २१ वर्षांवरची दोन नोंदणीकृत मोठी माणसं प्रत्येक उपक्रमात सक्तीची केली. एक मूल आणि एक मोठं माणूस बंद दारामागे कधीच नाही. बोलायचं असेल तर अंगणात, सगळ्यांच्या नजरेसमोर, कानाआड. मुलांचे आणि मोठ्यांचे अंघोळीचे वेळ वेगळे. ताई-दादांनी मुलांशी शिबिरानंतर खासगी संदेशांवर बोलायचं नाही.

गुन्हेगारी नोंद तपासायचीच, पण ती फक्त पकडल्या गेलेल्यांची असते. मी आधीच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करतो आणि एकच विचारतो: "याला तुम्ही पुन्हा बोलवाल का?" समोरचा किती वेळ गप्प राहतो, ते ऐकायचं.

पूर्वीचेचबरे (बुधवार, दुपारी ३:०५)

हे मात्र आमच्या काळी नव्हतं आणि असायला हवं होतं. एवढंच लिहितो.

दोन_पोरांची_आई (बुधवार, संध्याकाळी ५:३०)

मग फोन का काढून घेता मुलांचे? काही झालं तर सांगणार कसं? माझ्या मुलीच्या शिबिरात सातही दिवस एकही फोन नव्हता, वर "नो न्यूज इज गुड न्यूज" असं ऐकवलं.

कलमदान (बुधवार, रात्री ८:१५)

मोबाइल काढून घेणं मला पटतं. मुलाचा बाहेरच्या जगाशी रस्ता तोडणं पटत नाही. प्रत्येक मुलाला माहीत असला पाहिजे असा एक फोन आणि शिबिराशी संबंध नसलेल्या एका मोठ्या माणसाचा नंबर भिंतीवर, मुलांच्या उंचीला लावलेला.

आणि मुलाचा फोन आला तर तो खरा मानायचा. रशियात कारेलियामध्ये, स्यामोझेरो नावाच्या सरोवरावर जून २०१६ मध्ये वादळाच्या इशाऱ्यातही शिबिराची मुलं होड्यांनी निघाली. होड्या उलटल्या, १४ मुलं गेली. एका मुलाने तातडीच्या सेवेला फोन लावला होता. पलीकडच्या व्यक्तीला ती थट्टा वाटली.

जलतरंग (बुधवार, रात्री ९:००)

वादळाचं निघालंच म्हणून. पाण्यावर असताना मेघगर्जना ऐकू आली की सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कोणी उतरायचं नाही. मुलं "ऊन पडलंय काका" म्हणून डोकं खातात. खाऊ द्यायचं. झाडाखाली नको, तंबूत नको, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत.

आणि लाइफ जॅकेट होडीत ठेवलेलं नको, अंगावर हवं, पट्टा कसलेलं. २०१३ मध्ये दक्षिण कोरियात तेआनला लष्करी धाटणीच्या खासगी सागरी शिबिरात शाळकरी मुलांना जॅकेटविना पाण्यात उतरवलं. पाच गेली.

रानवाटा (गुरुवार, सकाळी ८:१०)

काल रात्री सगळं दोनदा वाचलं. नवऱ्याने विचारलं, "रद्द करतेयस का?" नाही करत. पण बरंच बदलतेय.

पाणी यंदा बंद. तलावाच्या लांबच्या टोकाला वीस सेकंदांत पोहोचणं माझ्याने होत नाही आणि पाण्यात उतरणारी पाच माणसं माझ्याकडे नाहीत. पालकांना तसं कळवलं. दोघांनी पैसे परत मागितले, दिले.

चढण ठेवलीय, पण प्रशिक्षक बाहेरून, आणि थांबवायचा अधिकार त्याचा. मीसुद्धा "आणखी एक फेरी" म्हणू शकत नाही, असं त्याला लिहून दिलंय.

आग राहिली का कुणाची? आमचं मुलींचं दालन पहिल्या मजल्यावर आहे.

कलमदान (गुरुवार, सकाळी ९:२५)

दालनाला बाहेर पडायचे रस्ते किती? एकच जिना असेल तर मुलींना खाली आणा. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये सीलँड नावाच्या युवा केंद्रात रात्री आग लागली, २३ जण गेले, त्यात १९ बालवाडीची मुलं. खोल्या कंटेनर रचून केलेल्या होत्या.

खिडक्यांना गज आहेत का बघा. धूर ओळखणारे गजर प्रत्येक खोलीत. दारं रात्री बाहेरून कड्या घालून बंद करायची नाहीत, 'मुलं पळतील' म्हणूनसुद्धा नाही. आणि सराव पहिल्याच संध्याकाळी, झोपण्याआधी. शेवटच्या दिवशी सराव घेणारी शिबिरं पाहिलीत मी, अहवालात फोटो हवा म्हणून.

थर्मामीटर (गुरुवार, सकाळी १०:००)

रुग्णवाहिकेला यायला किती वेळ लागतो हे फोन करून विचारू नका, स्वतः गाडीने तो रस्ता रात्री कापून बघा. फाटकाची किल्ली कुणाकडे असते तेही.

रानवाटा (रविवार, रात्री १०:५०)

थर्मामीटर, तुमचं ऐकून काल रात्री गेले. रुग्णालय ते शिबिर चौतीस मिनिटं, त्यातली नऊ मिनिटं आमच्याच फाटकाबाहेर. रखवालदार झोपला होता आणि कुलूप गंजलेलं. कुलूप बदललं. जागेचे अक्षांश-रेखांश आणि शेवटच्या वळणाची खूण फोनशेजारी ठळक लिहून लावली, कारण घाबरलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नाही हे मला कालच स्वतःवरून कळलं.

आज रंगीत तालीम केली. आता आठ ताई-दादा आहेत, शिवाय मित्रमंडळींतले चौघं. बारा जणांना मुलं केलं, मी आणि एक मैत्रीण मोठ्या. एकाला न सांगता लपायला पाठवलं. नावं वाचून हजेरी घेतली, चार मिनिटं लागली, एक कमी. मग आम्ही दोघी धावत सुटलो. खोल्या, स्वयंपाकघर, मागचं शेत. अकराव्या मिनिटाला तो तलावाच्या काठाशी, झुडपामागे सापडला, शेंगा खात.

मी तलावाकडे सगळ्यात शेवटी गेले.

जलतरंग (रविवार, रात्री ११:०५)

पाण्यापासून सुरुवात करायची, ताई. नेहमी. खोलीत लपलेलं मूल अर्धा तास थांबू शकतं.

रानवाटा (रविवार, रात्री ११:१२)

हो. भिंतीवरच्या कागदावर पहिली ओळ तीच लिहिली आता. उद्या सकाळी पुन्हा तालीम आहे, या वेळी लपणारा कोण ते मलाही माहीत नसेल.

एक बारीक प्रश्न काका. पाणी बंद असलं तरी पाट्यांची पद्धत मी जेवण आणि चढणीसाठी वापरणार आहे. पाट्या लाकडी कराव्यात की प्लास्टिकच्या?

जलतरंग (रविवार, रात्री ११:१५)

प्लास्टिक. लाकडी फुगतात आणि नाव पुसट होतं. भोक मोठं ठेवा, मुलांना घाईत खिळ्यात घालता आलं पाहिजे. आणि चार-पाच कोऱ्या जास्तीच्या करून ठेवा, ऐनवेळी कुणीतरी धाकट्या भावाला घेऊन येतंच.